नेटवर्क आणि वेब वेगवेगळं शिकवणं थांबवा: संगणकशास्त्र अभ्यास मंडळाला खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
संगणकशास्त्र अभ्यास मंडळ

सप्रेम नमस्कार.

पदवी अभ्यासक्रमाची फेररचना सुरू आहे आणि मंडळाने शिक्षकांकडून सूचना मागवल्या आहेत, म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवलं आहे, कारण यात मांडलेला प्रश्न एका विद्यापीठापुरता नाही. 'संगणक नेटवर्क' आणि 'वेब प्रोग्रॅमिंग' हे विषय जिथे जिथे दोन स्वतंत्र पेपर म्हणून शिकवले जातात, तिथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी या दोन्ही विषयांची प्रात्यक्षिकं घेते. मागणी एकच आहे: हे विषय एकमेकांना जोडून, एकाच वर्षात आणि एकाच प्रयोगशाळेत शिकवले जावेत.

आज काय होतं ते आपल्याला माहीत आहेच, तरी सांगते. एका सत्रात मुलं नेटवर्क शिकतात. नेटवर्कच्या कामाच्या सात थरांची नावं, मजकूर क्रमाने आणि न गळता पोचवणाऱ्या टीसीपीच्या हेडरची (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीची) आकृती, त्यातला कुठला रकाना किती बिटांचा, सबनेटची गणितं. वेब प्रोग्रॅमिंग दुसऱ्या सत्रात येतं, बहुतेकदा दुसऱ्याच शिक्षकाकडे. टॅग, फॉर्म, थोडी जावास्क्रिप्ट, डेटाबेसला जोडलेलं लॉगिनचं पान. दोन्ही पेपरांत चांगले गुण मिळवलेल्या मुलाला मी तोंडी परीक्षेत विचारते, "तू पत्ता टाइप केलास, एंटर दाबलंस. पान दिसेपर्यंत मधे काय काय झालं?" उत्तर दोन तुकड्यांत येतं. "ब्राउझर सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतो, सर्व्हर रिस्पॉन्स देतो," इथे एक तुकडा संपतो. मग मी नेटवर्कची आठवण करून दिली की सात थर वरपासून खालपर्यंत धडाधड म्हणून होतात. ती रिक्वेस्ट त्या थरांतूनच गेली, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. खोट आपल्या मांडणीत आहे.

वेबच्या प्रात्यक्षिकात हमखास येणारी एक अडचण बघा. एका मुलीने सर्व्हर लिहिला. तिच्या स्वतःच्या मशीनवर पान व्यवस्थित उघडतं. शेजारच्या मशीनवरून उघडायला गेलं की ब्राउझर म्हणतो, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. पलीकडच्या रांगेतल्या मुलाचीही तीच तक्रार, फक्त त्याचा ब्राउझर बराच वेळ नुसता फिरत राहतो आणि शेवटी 'टाइम्ड आउट' म्हणतो. दोघांच्या लेखी बिघाड एकच, "सर्व्हर चालत नाही". दोघंही फ्रेमवर्क काढून पुन्हा टाकतात, पोर्ट बदलून बघतात, कोडमधली एखादी ओळ उगाच खालीवर करतात. तास संपतो.

खरं तर त्या दोन संदेशांनी अर्धं निदान करून दिलेलं असतं. 'रिफ्यूज्ड' म्हणजे जोडणी मागणारं आपलं सिन पॅकेट समोरच्या मशीनपर्यंत पोचलं आणि तिकडून रीसेट, म्हणजे नकार, परत आलं. रस्ता मोकळा आहे, मशीन चालू आहे, पण त्या पत्त्यावरच्या त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. त्या मुलीने सर्व्हर १२७.०.०.१ ला बांधला होता, म्हणून तो फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकत होता. तो ०.०.०.० ला, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांना, बांधला की शेजारूनही पान उघडतं. 'टाइम्ड आउट' म्हणजे कसलंच उत्तर आलं नाही. पॅकेट वाटेत गडप होतंय, बहुधा फायरवॉल ते मुकाट्याने टाकून देतेय. मग फ्रेमवर्कला हात लावण्यात काहीच अर्थ नाही, फायरवॉलचा नियम बघायला हवा. रीसेटचा तो एक बिट मुलांनी टीसीपी हेडरच्या आकृतीत काढलेला असतो, पाठही असतो. ब्राउझरने दाखवलेला संदेश हाच तो बिट, हे मात्र दोन्ही पेपरांत कुठेच येत नाही.

आता अभ्यासक्रमात काय आहे ते पाहू. ओएसआय प्रारूप, म्हणजे वर आलेले सात थर, १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं. त्याच्या आधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, आर्पानेट (इंटरनेटचं पूर्वरूप) टीसीपी/आयपीवर गेलं होतं आणि इंटरनेट पुढे त्याच पायावर वाढलं. थरांचा विचार फार मोलाचा आहे, तो शिकवायलाच हवा. एका थराने खालच्या थराच्या अंतर्गत कामात नाक खुपसायचं नाही, या शिस्तीमुळेच वायरच्या नेटवर्कसाठी लिहिलेला प्रोग्रॅम वायफायवरही तसाच चालतो. पण सेशन आणि प्रेझेंटेशन थरांची कामं पाठ करून घेताना टीएलएस (वेबवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणारा थर) नेमकं कुठे बसतं असं एखाद्या मुलाने विचारलं, तर प्रारूपाकडे सरळ उत्तर नसतं. त्या क्षणी 'हा नकाशा आहे, प्रत्यक्ष भूभाग थोडा वेगळा आहे' असं सांगायची मुभा शिक्षकाला हवी. आज ती नाही, कारण प्रश्नपत्रिकेत नकाशाच विचारला जातो.

आयपी पत्त्यांचे अ, ब, क वर्ग घ्या. १९९३ मध्ये सीआयडीआर (पत्त्यांचे गट हव्या त्या आकाराचे पाडण्याची पद्धत) आलं आणि वर्गांवर आधारलेली पत्तावाटप पद्धत मागे पडली. इतिहास म्हणून ती एका तासात सांगून होते. तरीही 'दिलेला पत्ता कोणत्या वर्गातला ते ओळखा' हा प्रश्न वर्षानुवर्षं टिकून आहे. उलट आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला, याचा परिणाम प्रत्येक मुलाच्या हातातल्या फोनवर होतो. राउटरमागे अनेक उपकरणं एकच सार्वजनिक पत्ता वापरतात, म्हणून घरच्या संगणकावरचा सर्व्हर मित्राला बाहेरून दिसत नाही. ही अडचण वेबच्या प्रकल्पात जवळजवळ प्रत्येक गटाला येते आणि तिचं उत्तर नेटवर्कच्या पुस्तकातल्या नॅटच्या (एक सार्वजनिक पत्ता अनेकांत वाटून वापरण्याच्या तंत्राच्या) प्रकरणात असतं. ते प्रकरण मुलांनी मागच्या सत्रात परीक्षेपुरतं वाचून सोडून दिलेलं असतं.

वेबच्या पेपराचं दुखणं वेगळं. तिथे जुनं फार साचलं आहे. फॉन्ट आणि सेंटर हे टॅग १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच नापसंत ठरले होते. ब्राउझरमध्ये जावा अ‍ॅपलेट चालवणारं प्लगइन जावाच्या ११ व्या आवृत्तीतून २०१८ मध्ये काढून टाकलं गेलं. पीएचपीतली जुनी मायएसक्यूएल फंक्शन्स २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ७.० आवृत्तीपासून चालतच नाहीत. प्रात्यक्षिकांच्या याद्यांमध्ये मात्र हे सगळं अजून सापडतं. मुलं छापील कोड उतरवतात, तो चालत नाही, आणि चूक आपलीच असेल असं समजून गप्प बसतात. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे जुनं काढून चालू फॅशनचं फ्रेमवर्क घालणं. उद्योगातून येणाऱ्या सूचना बहुतेक याच असतात. माझा त्याला विरोध आहे. फ्रेमवर्क शिकणं वाईट नाही, मुलं ते स्वतःहून शिकतातही, झपाट्याने शिकतात. पण विद्यापीठाने आपले तास त्यावर खर्च केले तर पुढच्या फेररचनेला आपण याच याद्या घेऊन पुन्हा इथेच बसलेले असू. टीसीपीचं मूळ विवरण १९८१ चं आहे. २०२२ मध्ये ते नव्याने संकलित झालं तेव्हा मधल्या सुधारणा त्यात आल्या, पण तीन पॅकेटांची सुरुवातीची ओळख तीच राहिली. एचटीटीपीची (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांची) वाक्यरचना बदलली, तरी पद्धत, पत्ता, हेडर, मजकूर हा साचा टिकला. तास घालायचे तर इथे घालावेत.

माझा प्रस्ताव असा. संपूर्ण वर्षाचा कणा म्हणून एकच रिक्वेस्ट घ्यावी, ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत आणि परत. पहिल्या आठवड्यात ती नुसती बघायची. वायरशार्क (पॅकेटं पकडून दाखवणारा प्रोग्रॅम) उघडायचं, एक साधं पान मागवायचं आणि काय काय गेलं-आलं ते ओळीने वाचायचं. आधी नावावरून पत्ता विचारणारं डीएनएसचं पॅकेट, मग सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक ही जोडणीची तीन पॅकेटं, मग 'गेट'ने सुरू होणारी साध्या अक्षरांतली ओळ. मुलांना त्यातलं फारसं कळणार नाही, आणि हरकत नाही. पुढच्या प्रत्येक प्रकरणात त्याच नोंदीकडे परत यायचं आणि आता काय नवं वाचता येतंय ते बघायचं.

मग सर्व्हर लिहायला लावायचा, तोही फ्रेमवर्कशिवाय, थेट सॉकेट (प्रोग्रॅमला नेटवर्कशी जोडणारं टोक) उघडून. एवढ्या एका प्रात्यक्षिकात दोन्ही विषय कसे एकमेकांत मिसळतात ते थोडं सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

मुलं पायथनमध्ये चार ओळींचा सर्व्हर लिहितात. कुणी जोडलं की 'नमस्कार' हा शब्द परत पाठवायचा. एचटीटीपीच्या नियमाप्रमाणे मजकूर किती लांब आहे ते 'कंटेंट-लेंग्थ' या हेडरमध्ये सांगायचं असतं. मुलं शब्दाची लांबी भाषेलाच विचारतात. पायथन सांगतं ७. सर्व्हर ७ लिहून पाठवतो आणि ब्राउझरमध्ये 'नम' आणि पुढे एक विचित्र खूण एवढंच दिसतं. उरलेला शब्द गायब. वर्गात गलका होतो. कुणी म्हणतं फॉन्ट नाही, कुणी म्हणतं ब्राउझरला मराठी येत नाही.

मग मोजायला बसायचं. डोळ्यांना 'नमस्कार' चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये त्याची सात चिन्हं होतात: न, म, स, हलन्त, क, काना, र. यूटीएफ-८ मध्ये (चिन्हं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे तारेवर जातात २१ बाइट. सर्व्हरने ७ सांगितले म्हणून ब्राउझरने ७ वाचले: दोन पूर्ण चिन्हं आणि तिसऱ्याचा पहिला बाइट. म्हणून 'नम' आणि एक फुटकी खूण. लांबी बाइटमध्ये मोजून २१ लिहिली की पूर्ण शब्द दिसतो. इंग्रजी शब्द वापरला असता तर हा प्रश्न कधीच पुढे आला नसता, कारण तिथे एका अक्षराला एकच बाइट लागतो. आपल्या लिपीतला मजकूर पाठवला की नेटवर्कचं वागणं जास्त स्पष्ट दिसतं.

त्यानंतरचा प्रश्न मुलंच विचारतात, विचारू द्यावा. लांबी सांगावीच का लागते? एका बाजूने 'सेंड' केलं, दुसऱ्या बाजूने 'रिसीव्ह' केलं, मग मजकूर कुठे संपला ते टीसीपीला कळत नाही का? नाही कळत. टीसीपी बाइटांचा अखंड प्रवाह पोचवतं. क्रम चुकणार नाही, मधला तुकडा गळणार नाही, एवढी हमी ते देतं. पाठवणाऱ्याने दोनदा पाठवलेलं एकाच खेपेला हाती येऊ शकतं, एकदा पाठवलेलं तीन खेपांत येऊ शकतं. हे पुस्तकात 'बाइट स्ट्रीम' या दोन शब्दांत लिहिलेलं असतं आणि मुलं ते दोन शब्द पाठ करतात. आता लांबलचक मराठी मजकूर पाठवायला सांगा आणि घेणाऱ्या बाजूला १०२४ बाइटांचं 'रिसीव्ह' ठेवा. १०२४ ला ३ ने पूर्ण भाग जात नाही. कुठेतरी एक चिन्ह बरोबर मधोमध तुटतं, आणि प्रत्येक तुकडा आल्याआल्या अक्षरांत बदलू पाहणारा प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. जे मूल हा प्रोग्रॅम स्वतः दुरुस्त करतं, आलेले बाइट साठवत जातं, हेडर संपल्याची रिकामी ओळ शोधतं, त्यातून लांबी वाचतं आणि तितके बाइट हाती येईपर्यंत थांबतं, त्याला 'कंटेंट-लेंग्थ' का आहे हे वेगळं शिकवावं लागत नाही. खालच्या थराने जे द्यायचं कबूल केलं नव्हतं, ते वरच्या थराने स्वतः उभं केलं. थर म्हणजे काय ते इथे कळतं.

हे प्रात्यक्षिक कुठल्या पेपरात घालायचं? नेटवर्कच्या यादीत एचटीटीपी नाही, वेबच्या यादीत सॉकेट नाही. आजच्या रचनेत ते कुठेच बसत नाही.

वेगाचंही तसंच आहे. पान हळू उघडतं अशी तक्रार आली की वेब शिकलेली मुलं चित्रं लहान करतात आणि नेटवर्क शिकलेली मुलं बँडविड्थ वाढवा म्हणतात. अंतराचा हिशेब कुणीच मांडत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर जायला ५० आणि यायला ५० मिलिसेकंद लागतात. एक फेरी १०० मिलिसेकंदांची, आणि कितीही पैसे ओतले तरी ती त्याहून कमी होत नाही. टीसीपीच्या ओळखीला एक फेरी. टीएलएस १.२ असेल तर आणखी दोन. मग रिक्वेस्ट-रिस्पॉन्सची एक. पहिला बाइट हातात येईपर्यंत ४०० मिलिसेकंद गेले, डीएनएसचा वेळ त्यात धरलेलाच नाही. २०१८ च्या टीएलएस १.३ ने एक फेरी वाचवली. २०२१ मध्ये प्रमाणित झालेलं क्विक (टीसीपीच्या जागी वापरलं जाणारं) वाहतुकीची आणि कूटबद्धतेची ओळख एकाच फेरीत उरकतं, आणि २०२२ चं एचटीटीपी/३ त्यावर उभं आहे. मुलांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडला की या आवृत्त्यांची नावं पाठ करावी लागत नाहीत. प्रत्येक आवृत्ती कोणती फेरी वाचवायला आली ते त्यांना दिसतं.

पुढचा हिशेब तर याहून सुंदर आहे. टीसीपी सुरुवातीला जपून पाठवतं. आजच्या सर्वसाधारण मांडणीत पहिल्या खेपेला १० सेगमेंट (टीसीपीचे तुकडे), प्रत्येकी १४६० बाइट धरले तर १४,६०० बाइट. अडचण आली नाही तर पुढच्या खेपेला दुप्पट, मग चौपट. म्हणजे १ लाख बाइटांचं पान साधारण तीन खेपांत येतं आणि १४ हजारांचं एकाच खेपेत. पानाचा महत्त्वाचा भाग सुरुवातीच्या बाइटांत का असावा याचं कारण नेटवर्कच्या पेपरातल्या 'स्लो स्टार्ट'च्या आलेखात आहे. तो करवतीच्या दातांसारखा आलेख आपण दरवर्षी विचारतो. तो वेबच्या पानाला लावून बघा असं मात्र कधीच सांगत नाही.

आणि हा जपून पाठवण्याचा नियम आला कुठून? ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली संकुल यांच्यातला वेग ३२ हजार बिट प्रतिसेकंदावरून ४० बिटांवर कोसळला. अंतर होतं अवघं ४०० यार्ड. गर्दी झाली की पॅकेट गळायची, गळाली की सगळे पुन्हा पाठवायचे, त्याने गर्दी आणखी वाढायची. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरचा उपाय मांडला आणि टीसीपी सावरलं. मुलांना हा प्रसंग सांगा, मग आलेख काढायला सांगा. आलेख तोच राहील, पण त्याच्यामागे कारण उभं राहील.

हा प्रयोग करून बघायला महागडी साधनं लागत नाहीत. लिनक्समध्ये मुद्दाम विलंब आणि पॅकेटांची गळती घालायची सोय असते. एकाच मशीनवर दोन वेगळी नेटवर्कं उभी करून मधल्या दुव्यावर १०० मिलिसेकंद विलंब आणि थोडी गळती घाला, आणि तेच पान पुन्हा उघडा. स्वतः लिहिलेलं पान असं रखडताना बघितलं की मुलं फाइली कमी करायला, जोडणी पुन्हा वापरायला, कॅशची हेडर लिहायला आपणहून लागतात. लागते ती एकच गोष्ट: प्रयोगशाळेतल्या आभासी मशीनवर विद्यार्थ्यांना प्रशासकाचे अधिकार. आज पॅकेट पकडायचं म्हटलं तरी परवानगी नसते. मंडळाने प्रयोगशाळेच्या किमान गरजांमध्ये ही बाब स्पष्ट लिहिली तर आमचं निम्मं काम सोपं होईल.

सुरक्षेबद्दल थोडक्यात पण ठामपणे लिहिते. ती शेवटच्या प्रकरणात ढकलू नये. शेवटचं प्रकरण कधी पूर्ण होत नाही, हे आपण सगळेच जाणतो. लॉगिनचं पहिलं पान लिहिलं त्याच दिवशी मुलांनी ते साध्या एचटीटीपीवरून चालवावं आणि स्वतःच्या मशीनवर स्वतःचीच पॅकेटं पकडून बघावीत. टाइप केलेला पासवर्ड जसाच्या तसा पडद्यावर दिसतो. मग टीएलएस लावून तीच कृती पुन्हा करावी. त्या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कूटबद्धतेवर लांब टिपण लिहून द्यावं लागत नाही. तसंच एसक्यूएल इंजेक्शनचं, म्हणजे फॉर्ममध्ये घातलेल्या मजकुराने डेटाबेसची आज्ञाच बदलण्याच्या हल्ल्याचं. हा हल्ला १९९८ पासून जाहीर माहितीत आहे आणि उपायही साधा आहे: वापरणाऱ्याने दिलेला मजकूर क्वेरीत जोडायचा नाही, प्रिपेर्ड स्टेटमेंट (मजकुराची जागा मोकळी ठेवून आधीच तयार केलेली क्वेरी) वापरायची. तरीही आपल्याच प्रात्यक्षिक पुस्तिकांतल्या नमुना कोडमध्ये नाव आणि पासवर्ड जोडून क्वेरी बनवलेली असते. विद्यार्थी तेच उतरवतो आणि पुढे नोकरीतही तेच लिहितो. नमुना कोड तातडीने तपासून घ्यावा ही माझी स्वतंत्र विनंती समजा. अभ्यासक्रम मंजूर व्हायला वेळ लागतो, या दुरुस्तीला लागू नये. अर्थात पॅकेटं फक्त स्वतःची किंवा ज्याने परवानगी दिली त्याचीच पकडायची, हा नियम पहिल्या तासाला सांगावा आणि काटेकोर पाळावा.

परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काहीही टिकणार नाही. मुलं जे विचारलं जातं ते शिकतात आणि शिक्षकही तेच शिकवतात. म्हणून मंडळाने नमुना प्रश्न अभ्यासक्रमासोबतच द्यावेत. एखाद्या रिक्वेस्टची छापील नोंद द्या आणि विचारा: इथे पान उघडायला उशीर झाला, तो नेमका कुठल्या टप्प्यावर आणि कशावरून? किंवा दोन नोंदी द्या, एकीत सिनला रीसेट आलाय, दुसरीत सिन पुन्हा पुन्हा जातंय, आणि दोन्हींत पहिलं काय तपासाल ते विचारा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडलं होतं. त्यांच्या नेटवर्ककडे जाण्याचे बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते सांगण्याची पद्धत) मार्ग मागे घेतले गेले, त्यामुळे नाव सांगणाऱ्या डीएनएस सर्व्हरपर्यंतच कुणाला पोचता येईना. पानं साठवणारी यंत्रं जागेवर असूनही संकेतस्थळ का दिसत नव्हतं, हा दहा गुणांचा उत्तम प्रश्न आहे. राउटिंग, नावांची व्यवस्था आणि वेब, तिन्ही आल्याशिवाय तो सुटत नाही.

दोन आक्षेप मला अपेक्षित आहेत. पहिला, दोन्ही विषय अफाट आहेत, एकत्र केले तर दोन्ही पातळ होतील. मी सिद्धांत कमी करा म्हणत नाही. डायक्स्ट्राचा अल्गोरिदम, स्लायडिंग विंडो, सीआरसी यांना हात लावू नये. पत्त्यांचे वर्ग, अ‍ॅपलेट, फ्रेमसेट, थरांच्या कामांच्या लांबलचक याद्या आणि दोन्ही पेपरांत दोनदा येणारी इंटरनेटची ओळख काढली तरी पुष्कळ तास सुटतात. दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो मला जास्त रास्त वाटतो. ज्यांनी आयुष्यभर एकच बाजू शिकवली त्यांना दुसरी अचानक कशी शिकवता येईल? त्यांच्यावर हे लादू नये. पहिली दोन वर्षं प्रात्यक्षिकाला दोन शिक्षक एकत्र उभे राहू द्यावेत, आणि कार्यभारात दोघांचेही तास पूर्ण मोजले जावेत. तास मोजले नाहीत तर ही योजना कागदावरच राहील, हे मी अनुभवाने सांगते.

आणखी एक. इंटरनेटची मूळ विवरणं, म्हणजे आरएफसी, सगळ्यांना मोफत वाचता येतात. १९६९ पासूनची ही परंपरा आहे. मुलांना किमान एका आरएफसीची काही पानं वाचायला लावा. भाषा रुक्ष असते, सुरुवातीला त्रास होतो, पण 'करायलाच हवं' आणि 'करणं बरं' यांतला फरक प्रत्येक वाक्यात जपून लिहिलेला असतो. ज्या मुलांनी आधी सॉकेटवरचा सर्व्हर लिहिला आहे, ती हे वाचताना थबकतात आणि आपल्याच कोडमधल्या ओळीवर बोट ठेवतात. गाइडमधलं टिपण वाचताना असं मी कधी पाहिलेलं नाही.

प्रात्यक्षिकांचा संपूर्ण मसुदा, नमुना प्रश्न आणि प्रयोगशाळेच्या गरजांची यादी मी या पत्रासोबत मंडळाकडे वेगळी पाठवत आहे. त्यातला कोड पडताळून घ्यावा, त्रुटी कळवाव्यात, मी दुरुस्त करून देईन. पुढच्या बैठकीत वेळ मिळाला तर दोन मशीन घेऊन येते आणि यातलं एक प्रात्यक्षिक सदस्यांसमोर करून दाखवते. संपूर्ण बदल एकाच वर्षी शक्य नसेल, तर निदान दोन्ही पेपर एकाच सत्रात आणावेत आणि त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा एकत्र घ्यावी. एवढ्याला नवा विषय मंजूर करण्याचीही गरज पडणार नाही.

आपली,
नेटवर्क आणि वेब या दोन्ही विषयांची प्रात्यक्षिकं घेणारी एक शिक्षिका